नाताळ, म्हातारपण आणि तारणाऱ्याची वाट: शिमोन व हन्ना यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळ जवळ आला की गोठा, मेंढपाळ आणि तारा यांच्याबद्दल भरपूर लिहिलं जातं. वयस्कर वाचकांचे प्रश्न मात्र बहुतेक वेळा यरुशलेमच्या मंदिरातल्या त्या दोघांबद्दल असतात, आणि त्यांच्या आडून स्वतःबद्दल. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

शिमोन आणि हन्ना नेमके कोण? नाताळच्या देखाव्यात तर ते कधीच दिसत नाहीत.

त्यांची गोष्ट फक्त लूककृत शुभवर्तमानात आहे, दुसऱ्या अध्यायात, 22 ते 38 या ओव्यांत. मरीया आणि योसेफ तान्ह्या येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात येतात. तिथे शिमोन नावाचा नीतिमान, भक्तिमान माणूस बाळाला हातांत घेतो, देवाचं स्तवन करतो आणि मरीयेला एक जड गोष्ट सांगतो. त्याच वेळी हन्ना नावाची वृद्ध विधवा तिथे येते. ती संदेष्टी आहे, आशेर वंशातली, फनूएलाची मुलगी. देखाव्यात ते नसतात, कारण ते बेथलेहेमला कधी गेलेच नाहीत. बाळ त्यांच्याकडे आलं.

शमुवेलाची आई हन्ना ती हीच का? आणि हा शिमोन म्हणजे शिमोन पेत्र का?

दोन्हींचं उत्तर नाही. शमुवेलाची आई हिच्या हजारेक वर्षं आधीची. शिमोन पेत्र हा गालीलचा मासे धरणारा, नंतरचा प्रेषित. याकोबाचा मुलगा शिमोन तर आणखी वेगळा. ही नावं त्या समाजात फार चालत, एवढंच.

हा प्रसंग नाताळच्या रात्रीचा आहे का?

नाही, साधारण चाळीस दिवसांनंतरचा. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायाप्रमाणे मुलगा झाल्यावर आईच्या शुद्धीकरणाला 40 दिवस लागत आणि त्यानंतर अर्पण द्यायचं असे. अर्पण म्हणजे एक कोकरू आणि एक पक्षी. ज्यांना कोकरू परवडत नसे त्यांना पारव्यांची किंवा कबुतराच्या पिलांची जोडी चालत असे. लूक इथे पक्ष्यांच्या जोडीचाच उल्लेख करतो. म्हणजे शिमोनासमोर आलेलं जोडपं गरीब होतं. (सोनं घेऊन आलेले ज्ञानी लोक यानंतर पोचले असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात ते यामुळेच.)

25 डिसेंबरपासून चाळीसावा दिवस म्हणजे 2 फेब्रुवारी. अनेक मंडळ्यांत त्या दिवशी मंदिरातील समर्पणाचा सण असतो आणि मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो, कारण शिमोनानं या बाळाला राष्ट्रांसाठी प्रकाश म्हटलं. कॅथलिक उपासनेत 29 आणि 30 डिसेंबरलाही हेच उतारे वाचले जातात. त्यामुळे गोष्ट नाताळच्या रात्रीची नसली तरी नाताळच्या दिवसांतलीच आहे.

शिमोन किती वर्षांचा होता?

लूकनं वय दिलेलंच नाही. तो म्हातारा होता, असंही कुठे लिहिलेलं नाही. प्रभूच्या ख्रिस्ताला पाहिल्याशिवाय तुला मरण येणार नाही, असं पवित्र आत्म्यानं त्याला कळवलं होतं, आणि बाळ हातांत घेतल्यावर आता आपल्या दासाला शांतीनं जाऊ दे, असं तो आपल्या गीतात म्हणतो. या दोन गोष्टींवरून आपण त्याला पांढरी दाढी दिली. चित्रकारांनी ती आणखी लांब केली.

पूर्वेकडच्या परंपरेत तर तो जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर करणाऱ्या सत्तर जणांपैकी एक ठरतो. ते काम इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकातलं, म्हणजे त्याचं वय अडीचशेच्या आसपास जातं. दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात तो जखऱ्याच्या (बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वडिलांच्या) जागी आलेला याजक आहे. यांतलं काहीही लूकमध्ये नाही. माझं मत विचाराल तर तो वयस्कर असावा हा अंदाज पटण्यासारखा आहे, पण त्यावर फार उभारू नये. तो पन्नाशीतला होता असं धरलं तरी त्याच्या गीतातला एकही शब्द बदलावा लागत नाही.

हन्ना 84 वर्षांची होती की 84 वर्षं विधवा होती?

मूळ वाक्य दोन्ही प्रकारे वाचता येतं. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर सात वर्षं राहिली, इतकं नक्की. त्यानंतर वयाच्या 84 व्या वर्षापर्यंत ती विधवा होती, असा एक अर्थ. 84 वर्षं वैधव्यात गेली, असा दुसरा. तेव्हा मुलींची लग्नं तेराव्या-चौदाव्या वर्षी होत, म्हणून दुसऱ्या अर्थानं ती शंभरी ओलांडून चारपाच वर्षं पुढे गेलेली असणार. बहुतेक भाषांतरं पहिला अर्थ घेतात. इथेही तोच धरतो.

या आकड्याला इतिहासाशेजारी ठेवून पाहा. हेरोद राजा इसवी सन पूर्व 4 मध्ये मेला आणि येशूचा जन्म त्याआधीचा. म्हणजे हन्नेचा जन्म इसवी सन पूर्व 90 च्या आसपासचा. इसवी सन पूर्व 63 मध्ये रोमी सेनापती पाँपी यरुशलेम जिंकून परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या भागात, शिरला, तेव्हा ती पंचविशी ओलांडलेली विधवा होती. इसवी सन पूर्व 37 मध्ये हेरोदानं रोमी सैन्य आणून तेच शहर पुन्हा घेतलं, तेव्हा ती पन्नाशीत होती. पुढे इसवी सन पूर्व 20 च्या सुमारास हेरोदानं मंदिराचं बांधकाम नव्यानं काढलं. ती तेव्हा सत्तरीला टेकलेली. ‘मंदिर सोडून न जाता रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना’ हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे शांत गाभारा येतो. हन्नेच्या शेवटच्या दहापंधरा वर्षांत तिथे दगड फोडले जात होते, पाया वाढवला जात होता, धूळ उडत होती. बांधकाम तिच्या हयातीत संपलंही नाही.

ती खरोखरच मंदिरात राहत होती का?

असू शकेल. मंदिराच्या आवारात अनेक खोल्या होत्या. पण ‘तो कायम देवळातच असतो’ असं आपण एखाद्या माणसाबद्दल बोलतो तसंही लूक म्हणत असेल: पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अर्पणाला ती कधी चुकली नाही. स्त्रियांना त्यांच्यासाठी असलेल्या अंगणापर्यंतच जाता येई. ही भेट तिथेच कुठेतरी झाली असावी.

ते दोघं कशाची वाट पाहत होते? स्वर्गाची?

लूक दोघांसाठी वेगवेगळे शब्द वापरतो. शिमोन ‘इस्राएलाच्या सांत्वनाची’ वाट पाहत होता. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चाळीसावा अध्याय ‘माझ्या लोकांचे सांत्वन करा’ या हाकेनं सुरू होतो, त्याची ही आठवण आहे. हन्ना ज्यांच्याशी बोलली ते ‘यरुशलेमच्या मुक्ततेची’ वाट पाहत होते.

दोघांच्याही मागण्यात स्वतःचं काही नाही. शिमोनाला दुखणं होतं का, हन्नेला कुणी विचारत होतं का, काही कळत नाही. वय वाढतं तसं आपलं मागणं आखडत जातं. आज गुडघे दुखू नयेत, रात्री झोप लागावी, फोन यावा. या मागण्यांत वाईट काही नाही, स्तोत्रं अशाच मागण्यांनी भरलेली आहेत. पण या दोघांना इतकी वर्षं उभं ठेवलं ते त्यांच्या आयुष्याहून मोठ्या मागण्यानं. शिमोन तर बाळ हातांत घेऊन आपल्या लोकांच्याही पलीकडे जातो. हा परराष्ट्रीयांसाठीही प्रकाश आहे, असं तो म्हणतो. देशावर रोमचं वर्चस्व असताना हे बोलणं सोपं नव्हतं.

शिमोनाला वचन मिळालं होतं. मला कुणी काही सांगितलेलं नाही. मी कशाच्या भरवशावर वाट पाहायची?

सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच. उतारा नीट वाचला तर उत्तर तिथेच आहे: वचन शिमोनाला मिळालं, हन्नेला नाही. निदान लूक तसं काही सांगत नाही. तुला मरण्याआधी दिसेल, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिच्याजवळ होतं ते सगळ्या इस्राएलाजवळ होतं: संदेष्ट्यांचे ग्रंथ, स्तोत्रं आणि मंदिरातली रोजची प्रार्थना.

तरी ती येत राहिली. नवरा गेला तेव्हा ती विशीत असावी. त्या काळी तरुण विधवेपुढे पुन्हा लग्न हाच सरळ मार्ग होता. तिनं दुसरा निवडला आणि तो साठएक वर्षं चालली. त्या वर्षांतल्या कुठल्याच दिवशी तिला हे माहीत नव्हतं की आपण वयाच्या 84 व्या वर्षापर्यंत जगणार आहोत आणि त्या वर्षी काही घडणार आहे. प्रवचनांत शिमोनावर अधिक वेळ जातो, कारण त्याचं गीत आहे. पण आपल्यापैकी जवळजवळ सगळे हन्नेच्या जागी उभे आहोत. आपल्याला सगळ्यांना मिळून दिलेलं वचन आहे, नावानं दिलेलं नाही. लूक दोघांना शेजारी उभं करतो, आणि बाळ दोघांनाही दिसतं.

गर्दीत त्याच बाळाला कसं ओळखलं?

शिमोन आत्म्याच्या प्रेरणेनं मंदिरात आला, एवढंच लूक लिहितो. तारा नाही, देवदूत नाही. त्या दिवशी आणखीही जोडपी पक्ष्यांची जोडी घेऊन आलेली असतील. हन्नेबद्दल लूक तेवढंही सांगत नाही, ती फक्त ‘त्याच वेळी’ तिथे येते. रोज येणारा माणूस त्या दिवशीही आला, हे मला कुठल्याही चमत्काराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

जखऱ्या आणि अलीशिबा यांचीही गोष्ट अशीच आहे ना?

जवळची आहे, सारखी नाही. तेही उतारवयातले, नीतिमान आणि निपुत्रिक. पण गब्रीएल देवदूत येऊन तुझी प्रार्थना ऐकली गेली आहे असं सांगतो तेव्हा जखऱ्या विश्वास ठेवत नाही: मी म्हातारा, बायकोही वयातीत. ती प्रार्थना त्यानं कधीच सोडून दिलेली असावी. अबीयाच्या वर्गातला हा याजक मंदिरातलं आपलं काम मात्र करत राहिला होता. आशा संपली होती आणि सेवा चालू होती. त्याला मुकेपण मिळालं हे खरं, पण योहान नावाचा मुलगाही मिळाला. ज्यांना वाटतं की आपला विश्वास शिमोनासारखा नाही, त्यांनी लूकचा पहिला अध्याय वाचावा.

‘आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे’ म्हणजे शिमोन मरण मागतो का? मलाही आता पुरे वाटतं. हे पाप आहे का?

शिमोन जगण्याला कंटाळलेला नाही. पहाऱ्यावरचा दास आपली पाळी संपल्याचं धन्याला सांगतो, तसं त्याचं बोलणं आहे. हे गीत शतकानुशतकं झोपण्याआधीच्या प्रार्थनेत म्हटलं जातं: रोमी परंपरेत रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेत, अँग्लिकन मंडळीत संध्याकाळच्या उपासनेत. म्हणजे तरुणांनीही रोज म्हणायचं आहे.

भरल्या वयात आता बोलावलं तर जाईन असं वाटणं हे पाप नाही. पौलानंही फिलिप्पैकरांना लिहिताना ख्रिस्ताजवळ जाण्याची इच्छा बोलून दाखवली. पण त्या ‘पुरे’मागे कुणावर ओझं होतोय ही भावना असेल, जेवण-झोप उडाली असेल, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर ती शिमोनाची शांती नाही. म्हातारपणातलं नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. घरातल्या कुणाला तरी आणि डॉक्टरांना ते आजच सांगा. पाळकांना सांगितलंत तर तेही डॉक्टरांकडेच पाठवतील, पाठवायला हवं. याला विश्वास कमी पडणं म्हणत नाहीत.

सणाच्या गोष्टीत ती तलवार कशाला?

कारण शिमोन खोटा दिलासा देत नाही. तो आधी आईबापांना आशीर्वाद देतो आणि मग मरीयेला सांगतो, की या मुलामुळे पुष्कळांचं पडणं आणि उठणं होईल आणि तुझ्याही जिवातून तलवार जाईल. आनंदाच्या क्षणी तरुण आईला हे सांगायला वय आणि प्रेम दोन्ही लागतं. ज्यांच्या घरी नाताळच्या आसपास कुणी गेलं आहे ते अनेकदा विचारतात की आम्ही सण कसा करायचा. पहिल्याच नाताळच्या गोष्टीत हे वाक्य आहे. दुःख बाहेर ठेवून आत या, असं तिथे कुणाला सांगितलेलं नाही.

तारणारा तर येऊन गेला. मग आगमनकाळात आपण अजून कशाची वाट पाहतो?

आगमनकाळाची दोन तोंडं आहेत. पाश्चात्त्य परंपरेत नाताळआधीच्या चार रविवारांच्या या काळात 16 डिसेंबरपर्यंतच्या वाचनांचा भर ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यावर असतो आणि 17 ते 24 डिसेंबर हे दिवस जन्माच्या तयारीचे. शिमोन आणि हन्ना पहिल्या येण्याच्या शेवटाशी उभे होते. आपण दुसऱ्या येण्याआधी उभे आहोत, कधी ते कुणालाच न सांगितलेल्या दिवसाच्या आधी. (तारीख सांगणाऱ्यांपासून लांब राहा, विशेषतः जे पैसेही मागतात त्यांच्यापासून.)

आयुष्यभर प्रार्थना केली आणि काहीच दिसलं नाही तर? सगळेच काही शिमोन होत नाहीत.

खरं आहे. मोशे 120 वर्षांचा होऊन नबो डोंगरावरून वचन दिलेला देश पाहतो आणि तिथेच मरतो. इब्रीकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तर स्पष्टच आहे की हे सगळे विश्वासात मेले, वचनफळ हाती न येता, त्यांनी ते दुरून पाहिलं. अब्राहामाला इसहाक मिळाला, पण 75 व्या वर्षी घर सोडल्यावर 100 व्या वर्षी, आणि मधे त्यानं स्वतःच्या हिकमतीनं वेगळी वाट काढून घरात कायमचं भांडणही आणलं.

शिमोनानं तरी किती पाहिलं? चाळीस दिवसांचं बाळ. ना प्रवचन, ना एकही बरा झालेला आजारी, ना वधस्तंभ, ना पुनरुत्थान. येशूनं काम सुरू केलं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. तोवर शिमोन नसणारच. रोम तिथेच होतं, हेरोद गादीवर होता. इस्राएलाचं सांत्वन झाल्याची एकही खूण शहरात दिसत नव्हती. तरी तो म्हणाला की माझ्या डोळ्यांनी तारण पाहिलं. तुमच्या प्रार्थनेचं उत्तर कदाचित इतकंच लहान असेल आणि कुणा दुसऱ्याच्या कडेवर असेल.

हन्ना उपास करायची. मी 78 वर्षांचा आहे, मधुमेह आहे. मीही करू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कॅथलिक नियमातही उपासाचं बंधन साठाव्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे 59 पूर्ण झाल्यावर, संपतं. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यानं जेवण टाळणं धोक्याचं आहे. टीव्ही, कुरबुर किंवा जुनी अढी यांचा उपास करता येतो. शेवटचा सर्वांत अवघड.

मला घराबाहेर पडता येत नाही. चर्च सुटलं, मग उरलं काय?

पाळकांना किंवा फादरांना निरोप द्या. आजारी आणि घरीच असलेल्यांकडे प्रभुभोजन नेण्याची पद्धत फार जुनी आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या एका वर्णनातही, उपासनेला येऊ न शकलेल्यांकडे त्यांचा वाटा पोचवत, असं आहे. संकोच करू नका, त्यांच्या सेवेचा तो भागच आहे. नाताळच्या आठवड्यात त्यांची धावपळ असते, म्हणून आगमनकाळाच्या सुरुवातीलाच कळवा.

आणि घरी बसल्या जागी करण्याजोगं एक काम आहे: नावं घेऊन प्रार्थना करणं. मंडळीतल्या नव्या बाळांची, आजाऱ्यांची, भांडलेल्या घरांची यादी मागून घ्या. हन्नेचं जे काम लूकनं नोंदवलं ते हेच.

आईला स्मृतिभ्रंश आहे. तिला नाताळ कळत नाही, मला ओळखत नाही. तिचा विश्वास आता कुठे आहे?

या प्रश्नाला हन्नेचं उदाहरण पुरत नाही, कारण हन्ना बोलत होती, ओळखत होती. इथे यशयाचा 46 वा अध्याय घ्यावा: देव म्हणतो की तुमच्या म्हातारपणापर्यंत, केस पिकेपर्यंत मीच तुम्हांला वाहीन. त्यात धरून ठेवण्याची जबाबदारी म्हाताऱ्या माणसावर नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा आपल्या वतीनं विनंती करतो, असं आहे. आईची वाट पाहणं आता तिच्या वतीनं तुम्ही आणि मंडळी करता.

व्यवहारात इतकं करा: लहानपणापासून पाठ असलेली गीतं आणि प्रभूची प्रार्थना तिच्याजवळ हळू, ओळखीच्या चालीत म्हणा. नावं विसरल्यावरही जुनी गाणी पुष्कळदा शिल्लक राहतात. ओठ हलले तर छान, नाही हलले तरी म्हणा. गर्दी, दिव्यांची उघडझाप आणि मोठा आवाज यांनी अशी माणसं घाबरतात, तेव्हा भेटायला येणाऱ्यांना एकेक करून बोलवा. ‘मला ओळखलंस का?’ हा प्रश्न त्यांना विचारू देऊ नका.

मुलं दूर आहेत, नाताळला कुणी येणार नाही. एकट्यानं कशाला सण करायचा?

हन्नेला मुलं होती असा उल्लेख नाही. पण ती एकटी नव्हती: यरुशलेमच्या मुक्ततेची वाट पाहणारे ‘सर्व’ जण तिला ठाऊक होते, कुणाशी बोलायचं ते तिला माहीत होतं. वाट पाहणाऱ्यांची ओळख वाट पाहतानाच झालेली असते. तुमच्या मंडळीतही अशी चारदोन माणसं असतील ज्यांच्याकडेही कुणी येणार नाही. मुलांच्या फोनची वाट पाहण्याआधी त्यांना फोन लावा. रुसवा असेल तर तोही सणाच्या आधी मुलांना साध्या शब्दांत सांगितलेला बरा. मनात धरून ठेवलेला रुसवा 25 तारखेला जेवताना बाहेर येतो.

शिमोनाचं गीत आहे, पण हन्ना काय बोलली ते लूकनं का दिलं नाही?

का, ते लूक सांगत नाही, आणि कुणी तिच्या तोंडी भाषण घालू नये. तो फक्त दोन क्रिया सांगतो: तिनं देवाचे आभार मानले, आणि ती त्या बाळाविषयी लोकांशी बोलत राहिली. बेथलेहेमच्या परिसरात ही बातमी मेंढपाळांनी पसरवली होती. लूकच्या वर्णनात यरुशलेममध्ये ती पसरवणारी पहिली व्यक्ती ही 84 वर्षांची बाई आहे. शिमोन आता जायला मोकळा आहे असं म्हणतो, तर हन्ना बोलायला लागते. त्यानंतर ती किती दिवस जगली, ते कुठेही नोंदलेलं नाही. पूर्वेकडच्या मंडळ्या दोघांचं स्मरण एकत्रच करतात, समर्पणाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, 3 फेब्रुवारीला.